इंदूर ते शिर्डी, एक तास पाच मिनिटं

पिंपळदऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी वारलं की पहिला निरोप पाळकसाहेबांकडे जायचा आणि दुसरा प्रभुदास मकासरेंकडे. प्रार्थना पाळकांनी करायची आणि वेळ प्रभुदासांनी सांगायची. माती किती वाजता, हे तिथं तीस वर्षं एकच माणूस ठरवत आला, आणि तो माणूस म्हणजे राहात्याच्या स्टँडवरचा एसटीचा कंट्रोलर.

तुम्ही म्हणाल, मयतीचा आणि कंट्रोलरचा काय संबंध? अहो, मातीची वेळ मेलेल्या माणसावर नसते, येणाऱ्यावर असते. एक मुलगा भिवंडीला, लेक नागपूरला, जावई सुरतेला. ती पोचल्याशिवाय पेटीचं झाकण लागत नाही. शेवटचं तोंड बघायचं, मग झाकण, मग पेटी खाली, मग प्रत्येकाच्या तीन मुठी माती. आता कोण कधी पोचणार, हे सांगायचं कुणी? प्रभुदास चष्मा कपाळावर सरकवायचे, डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "सुरतेहून रात्री निघालाय ना? म्हणजे पहाटे नाशकात. तिथं चहा प्यायला नाही तर पहिली गाडी मिळेल. साडेआठला दारात." आणि साडेआठच्या आत-बाहेर माणूस खरंच दारात उभा असायचा. प्रभुदासभाऊंनी सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

त्यांचा एक लाडका सिद्धांत होता. निघालेली गाडी पोचतेच. उशिरा पोचेल, धुळीनं माखून पोचेल, पण मध्येच फिरून माघारी जाणार नाही. सगळा हिशोब त्या एका वाक्यावर उभा होता.

माणूस स्वभावानं कडक. स्टँडवर शिट्टी वाजली की निघायचंच, मग धोतर सावरत पळणारा म्हातारा असो नाहीतर स्वतःचा साडू. "एकासाठी थांबलो तर पन्नास जणांचा उशीर," हे वाक्य ते घरातही म्हणायचे, आणि त्यांची बायको दीना पोळी लाटता लाटता म्हणायची, "हो कंट्रोलर, पण ही गाडी नाही, जेवण आहे. पोरीला हात तर धुऊ द्या." पोर म्हणजे शॅरन, एकुलती एक.

पण तीस वर्षांत एक माती त्यांच्या हातून चुकली, आणि ती चुकली हे फक्त त्यांना ठाऊक होतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुक्ताबाई वारली. मूळची शेवगावच्या बाजूची, कोरडवाहू मुलखातली, नवरा गेल्यावर इकडं मळ्यात राबायला आलेली बाई. तिचा मुलगा अंगद ऊसतोडीला कऱ्हाडकडं गेलेला. त्याला निरोप पोचला, तो निघाला. प्रभुदासांनी डोळे मिटून वेळ काढली: नगर, राहुरी, बाभळेश्वर, राहाता. तीन वाजता राहात्यात, म्हणून माती चारची. तीन वाजून गेले, साडेतीन झाले, अंगद नाही. प्रभुदास चर्चच्या ऑफिसात गेले आणि त्यांनी बाभळेश्वरच्या स्टँडला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की राहुरीच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी झाली होती, गाडी आत्ता इथं आली आहे, पाच मिनिटांत सोडतो. घड्याळात चारला दहा मिनिटं कमी होती. म्हणजे सव्वाचारला राहाता, आणि चार पंचवीसला पोरगा कबरस्तानात.

प्रभुदासांनी फोन ठेवला, बाहेर आले आणि म्हणाले, "चार वाजले. झाकण लावा."

का? हा प्रश्न त्यांनी स्वतःला नंतर हजारदा विचारला. थंडीचे दिवस होते, उन्हाची घाई नव्हती. पाळकसाहेबांना दुसरीकडं जायचं नव्हतं. पंधराच दिवसांपूर्वी सॅमसन मास्तरांच्या वडिलांची माती होती, तेव्हा मास्तरांचा इंजिनिअर मुलगा मुंबईहून यायचा म्हणून याच प्रभुदासांनी सगळ्या मंडळीला दीड तास उभं केलं होतं आणि कुणी कुरकुर केली तर डोळे वटारले होते. आणि मुक्ताबाईसाठी पंचवीस मिनिटं निघाली नाहीत. मुक्ताबाई कोण, तर मजूर, आणि तिचा पोरगा कोण, तर कोयता घेऊन फिरणारा. हे त्यांनी तेव्हा मनातही म्हटलं नव्हतं. पण झालं ते तसंच झालं, आणि नंतर उत्तर शोधायला गेलं की तेच हाती यायचं. त्यांना स्वतःची लाज वाटायची.

अंगद धावत आला तेव्हा शेवटचं फावडं पडत होतं. तो ओल्या मातीशेजारी उकिडवा बसला आणि हातानं ढेकळं फोडत राहिला. अंधार पडू लागल्यावर उठला. त्यानंतर तो ऊसतोडीला गेलाच नाही. गावातच मोलमजुरी धरली आणि मंडळीतल्या कबरी खणायचं काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानंच घेतलं. आणि एक रीत त्यानं सुरू केली. झाकण लावायच्या आधी तो खड्ड्याच्या काठावर उभा राहून तीनदा विचारायचा, "येनारं कुनी ऱ्हायलंय का?" लोकांना ती रीत आवडली. आता ती नसली तर चुकल्यासारखं वाटतं. प्रभुदास मात्र त्या तीन हाकांच्या वेळी बुटांकडं बघत उभे राहायचे.

मग ते निवृत्त झाले. त्याच सुमारास काकडी गावात शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, गावापासून बारा किलोमीटर. विमानं उतरताना पिंपळदऱ्यावरून, नेमकी कबरस्तानाच्या चिंचेवरून जायची. प्रभुदासांना नवा छंद लागला. ओट्यावर खुर्ची टाकून, मनगटावरचं घड्याळ बघत ते सांगायचे, हे हैदराबादचं, हे चेन्नईचं, आज नऊ मिनिटं लेट. दीना म्हणायची, "रिटायर झालात तरी ड्युटी संपेना. आता शिट्टी तेवढी मारा, म्हणजे उतरतील बिचारी." शॅरन तोवर नर्स होऊन इंदूरला लागली होती. इंदूरचं विमान सुरू झालं तेव्हा त्यांनी मोबाईलवर शोधून काढलं: इंदूर ते शिर्डी, सरळ रेषेत तीनशे सत्तर किलोमीटर, वेळ एक तास पाच मिनिटं. हा आकडा त्यांनी गावात इतक्या जणांना सांगितला की दुकानदारसुद्धा त्यांना बघून म्हणायचा, "काय भाऊ, एक तास पाच मिनिटं ना?" लेक तासाभरावर आली याचं त्यांना केवढं सुख होतं. प्रत्यक्षात शॅरन कधी विमानानं आली नव्हती. ती रात्रीच्या बसनं यायची, पहाटे शिर्डीत उतरायची.

गेल्या डिसेंबरात, एका मंगळवारी दुपारी, दीना गेली. दोन दिवस छातीत भरून आलं होतं, दवाखान्यात नेलं, तिथंच संपलं. दारावर नाताळची कागदी चांदणी तिनंच रविवारी लावली होती.

तीन वाजता शॅरनचा फोन आला. ती रडत होती, पण नर्स होती, कामाचं विचारायचं ते तिनं विचारलं. "पप्पा, मी संध्याकाळची बस धरू का उद्याचं विमान? बस पहाटे पोचेल."

प्रभुदासांनी चष्मा कपाळावर सरकवला. डोळे मिटले. पोर एकटी, रात्रभर बसमध्ये रडत येणार, घाटात गाडी हेलकावे खाणार. आणि विमान दीडला निघतं, दोन पस्तीसला खाली. अर्धा तास बाहेर पडायला, अर्धा तास गाडीनं. साडेतीनला दारात. "विमानानं ये," ते म्हणाले. "एक तास पाच मिनिटं. माती चारची ठेवतो."

"पप्पा, मला मम्मीचं तोंड बघायचंय. मी आल्याशिवाय झाकण लावू नका."

"तू पोचतेस," ते म्हणाले. "निघालेली गाडी पोचतेच."

मायेनं बोलले ते, यात शंका नाही. पण त्या मायेत थोडी मिजासही होती. तीस वर्षं वेळा सांगितलेल्या माणसाला अजून एक वेळ सांगायची होती, आणि ती विमानाची होती.

बुधवारी सकाळी उठून बघतात तर आभाळ खाली आलेलं. दूर समुद्रात कुठंतरी वादळ झालं होतं म्हणे, त्याचं सावट इथवर पसरलेलं. पाऊस नाही, नुसती भुरभुर, आणि ढग इतके खाली की चर्चच्या घंटाघरावरचा क्रूस पुसट दिसत होता. एसटीच्या माणसाला ढगाचं काय? गाडी दिवे लावून येते. प्रभुदासांच्या मनात शंकासुद्धा आली नाही. दीडला शॅरनचा मेसेज आला, "विमानात बसले." त्यांनी तो सॅमसन मास्तरांना दाखवला. मास्तर आता थकले होते, काठी टेकत आले होते.

अडीच वाजता उपासना आटोपून पेटी कबरस्तानात आणली. चिंचेखाली दोन बाकांवर ठेवली. झाकण बाजूला. अंगद सकाळपासून खणत होता, खड्डा तयार होता. आणि तेवढ्यात आवाज आला.

सगळ्यांनी वर बघितलं. दिसत काहीच नव्हतं, पण आवाज डोक्यावर होता, खाली खाली येत होता. "आली," प्रभुदास म्हणाले. घड्याळात दोन तेहतीस. बायका रडता रडता थांबल्या. आवाज काकडीच्या दिशेला गेला, बारीक झाला, आणि परत मोठा झाला. विमान माघारी आलं होतं. चिंचेवरून पुन्हा गेलं. गोल फिरून पुन्हा आलं. प्रभुदास मान वर करून उभे होते. लेक डोक्यावर हजार-दोन हजार फुटांवर असेल. तिथून गावापर्यंतचं अंतर बैलगाडीनं पाच मिनिटांचं. तिसऱ्या फेरीनंतर आवाज पूर्वेकडं गेला आणि गेला तो गेलाच.

"हे असं कसं?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सव्वातीनला फोन आला. शॅरन छत्रपती संभाजीनगरला उतरली होती. शिर्डीला ढगांमुळं धावपट्टी दिसेना, म्हणून तिकडं नेलं. "टॅक्सी बघतेय, पप्पा. थांबा हं. थांबाल ना?"

प्रभुदासांनी चष्मा कपाळावर सरकवला. टॅक्सी मिळायला पाव तास, शहरातून बाहेर पडायला पाऊण तास, समृद्धी महामार्गानं दोन तास. सव्वासहा. हे उत्तर त्यांच्या डोक्यात आपोआप आलं, आणि तेव्हाच दुसरंही आलं. ती बसनं निघाली असती तर आज पहाटे पाचला आईच्या उशाशी असती. अकरा तास आईजवळ बसली असती. तिनं विचारलं होतं. आपणच नको म्हटलं.

"थांबू की," सॅमसन मास्तर जवळ येऊन म्हणाले. "त्यात काय? आमच्या वेळी तुम्ही दीड तास थांबवलं होतं सगळ्यांना. मी विसरलेलो नाही, भाऊ."

मास्तरांनी भल्या मनानं म्हटलं. पण प्रभुदासांना ते वर्मी लागलं. त्यांनी खड्ड्याकडं बघितलं. अंगद आत उभा राहून कडा सारख्या करत होता, नुसतं डोकं वर दिसत होतं. डोक्याला फडकं, केस पांढरे झालेले. मास्तरांसाठी थांबलो. स्वतःच्या लेकीसाठी थांबणार. आणि ह्याच्यासाठी?

"नाही," प्रभुदास म्हणाले. "चारची माती सांगितली आहे. चारलाच होईल."

पाळकसाहेब म्हणाले, "अहो, असं काय करता? आमच्यापैकी कुणाला घाई नाही."

"एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं आता नाही करायचं मला." लोकांना वाटलं, दुःखानं माणूस भ्रमिष्ट झाला. गोजरबाई, दीनाची मैत्रीण, पुढं येऊन म्हणाली, "भावजी, पोरगी जलमभर बोलायची न्हाई तुमच्याशी."

"माहीत आहे," ते म्हणाले. आणि त्यांना खरंच माहीत होतं. शॅरन आईसारखी हसरी, पण मनात धरणारी. आज तोंड बघायला मिळालं नाही तर ती या घराची पायरी चढणार नाही. बायको गेली, आता लेकही जाईल. पण केल्याची भरपाई दुसरी कशानं करायची, हे त्यांना सुचत नव्हतं.

चार वाजले. त्यांनी दीनाच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. मग म्हणाले, "झाकण आणा. अंगद, वर ये."

अंगद वर आला नाही.

"अंगद, वर ये. पेटी खाली घ्यायची आहे."

खड्ड्यातून आवाज आला, "येनारं कुनी ऱ्हायलंय का?"

भुरभुर चालू होती.

"येनारं कुनी ऱ्हायलंय का?" दुसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आधी गोजरबाई म्हणाली, "ऱ्हायलंय. शॅरन ऱ्हायली."

"मंग मी वर येत न्हाई," अंगद म्हणाला, आणि खड्ड्याच्या तळाशी पाठ टेकून खाली बसला. फावडं मांडीवर घेतलं. "सायेब, तुमी वर थांबा, मी खाली थांबतो. मानूस आत आसल्यावर पेटी काय सुटत न्हाई."

आता सांगा, याला काय करणार? पाळकसाहेबांनी वाकून समजावलं. तो फक्त म्हणाला, "लई काम केलं सकाळधरनं. जरा बसू द्या." दोघातिघांनी हात दिला, त्यानं हात धरला नाही. शेवटी कुणीतरी पेटी आणलेल्या टेम्पोतून ताडपत्री आणली आणि पेटीवर धरली, बायका तिच्या आडोशाला बसल्या. खड्ड्यावरही एक पोतं टाकू लागले तर अंगद म्हणाला, नको, उजेड जातो. प्रभुदास काठावर उभे राहिले. दोन तास आणि वर काही मिनिटं. त्या वेळात ते खाली बघायचे तर अंगद वर बघत असायचा, आणि दोघंही नजर काढून घ्यायचे.

सहा वाजून अठरा मिनिटांनी टॅक्सी फाटकाशी थांबली. शॅरन पळत आली, चपला चिखलात राहिल्या. टेम्पोचे दिवे पेटीवर सोडले होते. ती आईच्या तोंडाला तोंड लावून बसली, केस नीट केले, गळ्यातली साखळी सरळ केली. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही. प्रभुदासांनीही नाही. मग ती उठली आणि बापाच्या छातीवर डोकं टेकून म्हणाली, "थांबलात, पप्पा." त्यांनी खड्ड्याकडं बोट दाखवलं. अंगद काठाला धरून वर चढत होता, कंबर धरली होती, चार जणांनी ओढून घेतला तेव्हा आला.

झाकण लागलं, पेटी उतरली, तीन-तीन मुठी माती पडली. अंगदनं खड्डा भरला, उंचवटा हातानं थापला. लोक पांगले. शॅरनला गोजरबाईनं फाटकाकडं नेलं. प्रभुदास मागं राहिले. आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"अंगद," ते म्हणाले, "मुक्ताबाईच्या वेळी... तुझी गाडी बाभळेश्वरला आली होती, ते मला माहीत होतं. मी फोन केला होता. पंचवीस मिनिटांचा प्रश्न होता. मला ठाऊक असून मी झाकण लावायला सांगितलं."

अंगद फावड्याचा चिखल काटकीनं काढत होता. काढत राहिला.

"ठाव हाय," तो म्हणाला. "बाभळेश्वरला तिथला सायेब गाडीत चढला हुता. ईचारलं, पिंपळदऱ्याच्या मयतीचं कोन हाय? मी हात वर केला. तर म्हनला, रडू नगं बाबा, राहात्याच्या कंट्रोलरचा आत्ताच फोन आलता. थांबलेत तुझ्यासाठी."

त्यानं काटकी टाकली.

"कऱ्हाडपास्नं रडत आल्तो, सायेब. तिथून म्होरं न्हाई रडलो. निवांत आलो."

प्रभुदास दीनाच्या ओल्या मातीशेजारी खाली बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. अंगदनं त्यांना उठवलं नाही. फावडं आडवं ठेवलं, कंबर धरत तोही शेजारी बसला, आणि समोरचं एक ढेकूळ घेऊन हातानं फोडू लागला.

फाटकाशी शॅरन उभी होती. "पप्पा, सावकाश या," ती म्हणाली. "थांबलेय मी."